मूत्रगळती आणि संरक्षक अंतर्वस्त्राची निवड : शब्दांच्या अंगाने एक विवेचन

१. विषयप्रवेश

'त्याने लघवी केली', 'त्याला लघवीला लागली' आणि 'त्याला लघवी धरवत नाही' ही तीन वाक्ये एकाच देहधर्माविषयी आहेत; तथापि व्याकरणाच्या दृष्टीने त्यांची घडण अगदी भिन्न आहे. पहिल्या वाक्यात मनुष्य कर्ता आहे. दुसऱ्यात तो चतुर्थीत गेला असून त्याच्याकडे केवळ अनुभव घेणाऱ्याची भूमिका उरली आहे. तिसऱ्यात 'धरवणे' हे शक्य क्रियापद नकारार्थी योजून त्याचे सामर्थ्यच नाकारले आहे. मराठी बोलणारा कोणताही मनुष्य, शाळेत गेलेला असो वा नसो, हे भेद बिनचूक पाळतो. वैद्यकशास्त्राने मूत्रगळतीचे जे प्रकार मानले आहेत, त्यांच्याशी हे भेद पुष्कळ अंशी जुळतात, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रौढ वयात लघवीवरचा ताबा सुटला असता वापरावयाचे संरक्षक अंतर्वस्त्र कसे निवडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भाषेच्या अभ्यासकाने हा विषय का हाती घ्यावा, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, ही निवड दुकानाच्या फळीपाशी होण्यापूर्वी घरातल्या बोलण्यात होते आणि पुष्कळदा तेथेच चुकते.

प्रस्तुत लेखकाच्या घरचेच उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी आई, वय ७४, एवढेच म्हणाली की, "हल्ली जरा ओलं होतं." अधिक विचारण्याचा संकोच आम्हांला वाटला आणि अधिक सांगण्याचा तिला. औषधांच्या दुकानात जाऊन 'मोठ्या माणसांचे डायपर' मागितले. दुकानदाराने कमरेला चिकटपट्ट्या असलेल्या, जाड व मोठ्या मापाच्या डायपरचा पुडा काढून दिला. आई चांगली हिंडतीफिरती होती. त्या पट्ट्या एकटीने सोडून पुन्हा नीट लावणे तिला जमेना. म्हणून ती शौचालयात जाणेच टाळू लागली. संध्याकाळचे भजन सुटले. पंधरा दिवसांत मांडीच्या सांध्यातील कातडी लाल झाली, तेव्हा डॉक्टरांकडे जावे लागले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "आजी, कधी होतं हो? खोकताना, की लघवीला लागल्यावर?" आई म्हणाली, "खोकला आला की, नाहीतर बादली उचलली की. एरवी नाही." म्हणजे तिला आवश्यकता होती ती एका पातळ पॅडची आणि काही व्यायामांची, आम्ही आणून दिले होते ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे वस्त्र. त्या वस्तूत दोष नव्हता. 'ओलं होतं' या दोन शब्दांपाशी आम्ही थांबलो, ही चूक होती.

२. क्रियापदांची साक्ष

मराठीत या क्रियेसाठी नामे थोडी आहेत आणि त्यांतील बहुतेक आडवळणाची आहेत. 'लघुशंका' हा शब्द संस्कृत वळणाचा व सभ्य. 'लघवी' त्याच 'लघु' शब्दाच्या कुळातला, पण घरगुती. 'मूत' आणि 'मुतणे' हे जुने व सरळ शब्द असूनही आज ग्राम्य ठरलेले. शाळेत एक बोट वर करून 'एकी'ची परवानगी मागितली जाते. नामे अशी झाकलेली असली, तरी क्रियापदे मात्र उघडी आणि नेमकी आहेत. 'लागणे' म्हणजे जाणीव होणे. 'करणे' म्हणजे स्वेच्छेने विसर्जन. 'होणे' यात इच्छा असेल वा नसेल. 'सुटणे' म्हणजे धरलेले एकाएकी हातचे जाणे. 'गळणे' म्हणजे हळूहळू व सतत. 'तुंबणे' म्हणजे आत साठून बाहेर न पडणे. 'आवरत नाही', 'धरवत नाही' म्हणजे जाणीव आहे, प्रयत्नही आहे, परंतु सामर्थ्य नाही.

केवळ एका प्रत्ययाने अर्थ किती पालटतो, हेही येथे पाहण्यासारखे आहे. 'मला लघवीला झाली' याचा अर्थ, जाण्याची भावना झाली. 'मला लघवी झाली' याचा अर्थ, विसर्जन झाले. रुग्णाचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत पोहोचताना हा 'ला' सहज गळून पडतो. मग ज्या माणसाला दर अर्ध्या तासाने केवळ भावना होते, त्याला दर अर्ध्या तासाने लघवी होते, अशी नोंद होते. पहिल्या स्थितीत बहुधा जंतुसंसर्गाचा किंवा मूत्राशयाच्या क्षोभाचा विचार करावा लागतो, तर दुसऱ्या स्थितीत मधुमेहादी कारणांनी वाढलेल्या मूत्रप्रमाणाचाही.

३. संज्ञेचा प्रश्न

इंग्रजीतील 'इन्कॉन्टिनन्स' या शब्दाच्या मुळाशी 'धरून ठेवणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे, आणि त्या भाषेत त्याला विषयवासनेवरील संयम सुटणे असाही अर्थ दीर्घकाळ होता. त्याला 'असंयम' हा मराठी प्रतिशब्द योजल्यास तोच नैतिक वास आपल्याकडेही येतो. आपल्या भाषेत संयम हा सद्गुण आहे. ज्याला तो नाही त्याच्याकडे दोष जातो. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेल्या स्त्रीला, किंवा पुरःस्थ ग्रंथीवर, म्हणजे प्रोस्टेटवर, शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषाला 'असंयमी' म्हणणे हा अन्याय होय. आयुर्वेदाची परंपरा येथे अधिक समंजस दिसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'नवेगान्धारणीय' या अध्यायात जे १३ वेग अडवून धरू नयेत असे सांगितले आहे, त्यांत मूत्राचाही वेग आहे. म्हणजे शरीराचा वेग ही मुळात नैसर्गिक गोष्ट, आणि तो धरण्याचे सामर्थ्य ही वेगळी गोष्ट. म्हणून प्रस्तुत लेखात 'मूत्रगळती' हा साधा, निर्दोष शब्द योजला आहे.

आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परिभाषेनुसार, इच्छेविरुद्ध होणारी मूत्राची कोणतीही गळती या संज्ञेत येते. प्रमाण किती, हा प्रश्न व्याख्येत नाही. चार थेंब गळणे हीही तक्रार होय आणि तीवर उपचार मागण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.

या गळतीचे व्यवहारात उपयोगी पडणारे प्रकार पुढीलप्रमाणे मांडता येतील.

'खोकताना, शिंकताना, हसताना, ओझे उचलताना सुटते' : ही दाबाची गळती. पोटातील दाब एकाएकी वाढतो आणि मूत्रमार्ग मिटून ठेवणारी यंत्रणा त्यापुढे अपुरी पडते. इंग्रजीत हिला 'स्ट्रेस' हे विशेषण लावतात. त्याचे 'ताणजन्य' किंवा 'तणावजन्य' असे भाषांतर केल्यास आजचा वाचक मानसिक तणाव असा अर्थ घेतो आणि आजार मनाचा आहे असे समजतो. येथे 'दाब' हाच शब्द इष्ट होय.

'लागली की धरवत नाही' : ही निकडीची गळती. मूत्राशयाचा स्नायू अवेळी आकुंचन पावतो, आणि नळाचे पाणी वाजले किंवा दाराला किल्ली लावली, तरी निकड येते. गळती थेंबांची नसून पुष्कळदा एकदम लोंढ्याने होते. दाब आणि निकड दोन्ही एकत्र असतील, तर ती मिश्र गळती.

'सारखी थेंब थेंब गळते, पण मोकळी होत नाही' : ही तुंबून गळणारी. मूत्राशय रिकामे होत नाही आणि भरलेल्या माठातून झिरपावे तसे मूत्र बाहेर येते. वाढलेली पुरःस्थ ग्रंथी, मज्जातंतूंचे विकार, काही औषधे, तीव्र बद्धकोष्ठ ही तिची कारणे असू शकतात. या प्रकारात नुसते वस्त्र बांधून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. कारण तुंबलेल्या मूत्राचा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो.

'कळते, पण पोहोचेपर्यंत होते' : येथे मूत्राशय पुष्कळदा बरे असते, अडचण गुडघ्यांची, अंधाऱ्या बोळाची किंवा पायजम्याच्या नाडीच्या गाठीची असते.

'कळतच नाही' : स्मृतिभ्रंश, पक्षाघात, मणक्याचे आजार यांत ही स्थिती येते. पाठीच्या दुखण्याबरोबर पायांतील शक्ती आणि मांड्यांमधील संवेदना एकाएकी जाऊन लघवीचे भान सुटले, तर ती तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळ समजावी.

४. 'डायपर' या शब्दाविषयी

आता वस्तूच्या नावाकडे वळू. 'डायपर' हा शब्द मध्ययुगीन ग्रीक व लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मुळात तो एका वस्त्राचे नाव होता. त्या वस्त्राच्या विणीत बारीक चौकटींची नक्षी असे. वस्त्राचे नाव पुढे त्याच्या घडीला आणि घडीचे नाव बाळाच्या कमरेला बांधावयाच्या तुकड्याला मिळाले. मराठीने हा शब्द घेतला तो या शेवटच्या अर्थाने, म्हणजे बाळाच्या संदर्भातच. आपल्याकडे त्या जागी 'दुपटे', 'बाळोते' आणि 'लंगोट' असे शब्द होते. पैकी 'बाळोते' या शब्दात बाळ उघड आहे. 'लंगोट' मात्र तान्ह्या बाळाचाही आणि तालमीतील पहिलवानाचाही. शरीराचा झाकला जाणारा भाग तोच. शब्दाबरोबर येणारी प्रतिष्ठा निराळी.

'मोठ्या माणसांचे डायपर' या प्रयोगात 'मोठ्या माणसांचे' हे विशेषण जितके लावावे तितके नामातील बाळपण अधिकच उठून दिसते. याचे परिणाम दोन होतात. काही माणसे ते नाव नको म्हणून वस्तूच नाकारतात. त्यापायी ती प्रवास सोडतात, पाणी पिणे कमी करतात, लग्नकार्याला जात नाहीत. पाणी कमी केल्याने मूत्र दाट होऊन मूत्राशयाचा क्षोभ वाढतो आणि बद्धकोष्ठही होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. उलट, काही घरांत वस्तू एकदम स्वीकारली जाते, पण एकच एक, सर्वांत जाड. कारण नाव एकच असल्यामुळे वस्तूही एकच असावी असे वाटते.

नाव बदलल्याने वापर बदलू शकतो, याचे एक बोलके उदाहरण जपानमध्ये आढळते. तेथे बाळाच्या लंगोटास 'ओमुत्सु' म्हणतात. १९९५ मध्ये युनिचार्म या कंपनीने चालत्याफिरत्या वृद्धांसाठी चड्डीसारखे पायांतून वर ओढावयाचे वस्त्र 'लाइफ्री' या मुद्रेखाली बाजारात आणले आणि त्याला 'रिहाबिरि पान्त्सु' असे नाव दिले. 'पान्त्सु' म्हणजे चड्डी, आणि 'रिहाबिरि' हा पुनर्वसन या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा जपानी संक्षेप. या नावात गळतीचा उल्लेख नाही, बाळाचाही नाही. उल्लेख आहे तो आजारातून उठून पुन्हा चालू लागण्याचा. व्यापारी हेतू त्यामागे होताच. परंतु या वस्त्राचा वापर करणारा मनुष्य उभा राहू शकतो, ही एक खरी माहितीही त्या नावाने दिली.

मराठीत सर्वसामान्य नाव म्हणून 'संरक्षक अंतर्वस्त्र' ठीक आहे. पण दुकानात त्याने काम भागणार नाही. तेथे 'पॅड', 'पँट' व 'टेपवाला' हे तीन शब्द वेगळे ठेवले, तरी निम्मे काम होते.

५. वस्तूची घडण

फेकून द्यावयाच्या अशा वस्त्रात सामान्यतः चार स्तर असतात. कातडीला लागणारा स्तर न विणलेल्या कृत्रिम धाग्यांचा असून तो द्रव खाली जाऊ देतो. त्याखाली द्रव वेगाने घेऊन लांबीभर पसरविणारा स्तर. मग गाभा, यात लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि अतिशोषक बहुवारिकाचे कण असतात. सर्वांत बाहेर द्रव न झिरपू देणारे आवरण. चांगल्या वस्त्रांत त्यातून वाफ बाहेर जाऊ शकते. मांडीपाशी उभ्या राहणाऱ्या लवचिक कडा असतात, त्या बाजूची गळती अडवितात.

गाभ्यातील बहुवारिक बहुधा सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट हे असते. हा पदार्थ शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या कित्येक शे पट शोषतो. परंतु क्षारयुक्त द्रव मात्र सुमारे ३० ते ५० पटच. मूत्र क्षारयुक्त असल्यामुळे साध्या पाण्याच्या प्रयोगावरून किंवा जाहिरातीतील निळ्या पाण्यावरून शोषणशक्तीचा अंदाज बांधणे व्यर्थ होय.

पुड्यावरील आकड्यांचेही तसेच आहे. १९९६ च्या आय. एस. ओ. ११९४८-१ या मानकाने ठरविलेल्या पद्धतीत अख्खे वस्त्र क्षारद्रवात बुडवून, निथळून त्याचे वजन करतात. यात एकूण धारणशक्ती कळते. परंतु प्रत्यक्षात वस्त्रावर बसलेल्या माणसाचा भार असतो, मूत्र एकाच जागी पडते आणि ते एकाएकी येते. त्यामुळे प्रत्यक्ष उपयोगात येणारी धारणशक्ती प्रयोगशाळेतील आकड्यापेक्षा पुष्कळच कमी असते. पुड्यावरील थेंबांची चित्रे ही तर ज्या त्या कंपनीची स्वतःची भाषा आहे. एका कंपनीचे पाच थेंब म्हणजे दुसऱ्या कंपनीचे पाच थेंब, असे मानता येत नाही.

म्हणून तीन गुण वेगवेगळे तपासावेत : किती धरते, किती वेगाने घेते, आणि दाब पडल्यावर किती परत सोडते. निकडीच्या गळतीत वेगाला महत्त्व अधिक. निरोगी प्रौढाचा मूत्रप्रवाह सेकंदाला १५ ते २५ मिलिलिटर असू शकतो. असा प्रवाह आला असता धारणशक्ती भरपूर असूनही मंद शोषणारे वस्त्र कडेने गळते. रात्रभर एकाच वस्त्रावर निजणाऱ्यासाठी तिसरा गुण महत्त्वाचा. कारण परत आलेला ओलावा कातडीला लागून राहतो.

६. निवडीचा क्रम

प्रथम मापन करावे. तीन दिवस एक साधी नोंदवही ठेवावी : केव्हा प्यालो, केव्हा लागली, केव्हा गळली, त्या वेळी काय करीत होतो. प्रौढाच्या मूत्राशयात साधारणतः ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. गळलेले प्रमाण काढण्यासाठी कोरा पॅड आणि ओला पॅड स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावा. १ ग्रॅम वाढ म्हणजे जवळजवळ १ मिलिलिटर मूत्र. 'जरा', 'खूप', 'फार' या शब्दांच्या जागी असा आकडा आला, म्हणजे निवड निम्म्याने सोपी होते. ही नोंदवही डॉक्टरांनाही उपयोगी पडते.

यानंतर आकार ठरवावा. दाबाच्या थोड्या गळतीस, स्त्रियांना नेहमीच्या चड्डीत चिकटविता येणारा पातळ पॅड पुरतो. त्यासाठी मासिक पाळीचा पॅड वापरणे इष्ट नाही. तो दाट व हळू वाहणाऱ्या रक्तासाठी केलेला असतो, आणि मूत्र पातळ व वेगवान असते. पुरुषांना लघवी झाल्यावर मागाहून पडणाऱ्या थेंबांसाठी पुढील बाजूस शोषक असलेला पिशवीच्या आकाराचा पॅड मिळतो. पुरुषांत ओल मुख्यतः पुढे आणि स्त्रियांत मध्यभागी येते. म्हणून एकाच्या मापाचे वस्त्र दुसऱ्यास घालणे काटकसरीचे वाटले, तरी उपयोगाचे नाही.

निकडीची मध्यम गळती असून मनुष्य चालता असेल, तर ओढून घालावयाची पँट योग्य. ती स्वतः खाली-वर करता येते, त्यामुळे शौचालयात जाण्याची सवय टिकते. बदलताना बाजूच्या शिवणी फाडून काढावी. साडीच्या आत ती फारशी दिसत नाही; परंतु परकराची नाडी तिच्या कमरपट्ट्यावर आवळून बांधल्यास कड दुमडते आणि तेथून गळती होते. सलवार किंवा पॅन्ट वापरणाऱ्यास ती बदलण्यासाठी वस्त्र पूर्ण उतरवावे लागते, ही गोष्ट प्रवासाला निघताना ध्यानात ठेवावी.

जो मनुष्य अंथरुणावरच आहे, किंवा ज्याला दुसऱ्याने स्वच्छ करावे लागते, त्याच्यासाठी चिकटपट्ट्यांचे वस्त्र. ते निजलेल्या स्थितीत कुशीवर वळवून बदलता येते. जोडीस गादीवर अंथरावयाचे शोषक पॅड असावेत. ते वस्त्राला पर्याय नव्हेत.

धुऊन वापरावयाच्या शोषक चड्ड्याही मिळतात. थोड्या गळतीसाठी त्या कालांतराने स्वस्त पडतात, आणि नेहमीच्या अंतर्वस्त्रासारख्या दिसत असल्यामुळे संकोच कमी होतो. पावसाळ्यात त्या वाळत नाहीत, ही कोकणातील किंवा मुंबईतील गृहिणीने विचारात घ्यावयाची बाब.

ब्रिटनमध्ये हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट या मालिकेत २००८ मध्ये एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम व अधिक गळतीसाठी स्त्रियांना दिवसा ओढून घालावयाची पँट सरस वाटली, पण ती महाग होती. पुरुषांना मात्र चिकटपट्ट्यांचे वस्त्र अधिक उपयुक्त व किफायतशीर ठरले. कोणतीही एक घडण सर्वांना सर्व वेळी पुरत नाही, दिवसासाठी एक आणि रात्रीसाठी दुसरी असे मिश्रण पुष्कळांना हिताचे, असा या अभ्यासाचा बोध घेता येईल. एकाच प्रकारचा मोठा साठा घरात भरण्यापूर्वी हे आठवावे.

मापाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. मोठे माप म्हणजे अधिक शोषण, असे नव्हे. कंबर आणि नितंब दोन्ही मोजून, जे अधिक भरेल त्यावरून माप घ्यावे. सैल वस्त्र मांडीपाशी गळते आणि घट्ट वस्त्र कातडी कापते. त्याचप्रमाणे एकावर एक दोन पॅड घालण्याने दुप्पट संरक्षण मिळत नाही. वरच्या पॅडच्या पाठीला प्लॅस्टिक असल्यामुळे खालचा कोराच राहतो आणि मूत्र कडेने वाहते. जोड द्यावयाची असेल, तर पाठीला प्लॅस्टिक नसलेला, त्यासाठीच केलेला पूरक पॅड वापरावा.

७. कातडी आणि कचरा

निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. मूत्रातील युरियापासून जंतूंच्या क्रियेने अमोनिया बनतो, आम्लता नष्ट होते आणि सतत ओलसर राहिलेली कातडी सोलवटते. म्हणून वस्त्र बदलताना सौम्य साबणाने किंवा नुसत्या कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साइडचे किंवा पेट्रोलियम जेलीचे मलम अगदी पातळ लावावे. थर जाड झाला, तर तो वस्त्राचा वरचा स्तर बुजवितो. पावडर ओलीने गोळा होते, ती टाळावी. मळ लागला असल्यास वस्त्र तत्काळ बदलावे. रंग बदलणाऱ्या सूचक रेघेची वाट पाहू नये.

वापरलेले वस्त्र शौचकूपात टाकू नये. त्यातील बहुवारिक फुगून नळ तुंबतात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या डायपरची गणना सॅनिटरी कचऱ्यात केली आणि तो नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर ठेवली. शेवटी ही गुंडाळी जो हात उचलतो, तोही माणसाचाच असतो.

८. उपसंहार

वस्त्र हा उपचार नव्हे, हे शेवटी स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकन वैद्य आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाविषयी लेख प्रसिद्ध केला; आजही दाबाच्या गळतीवर प्रथम सांगितला जातो तो हाच उपाय. निकडीच्या गळतीवर मूत्राशयाला सवय लावण्याची पद्धती आणि औषधे आहेत. संसर्गावर औषध आहे. पुरःस्थ ग्रंथीवर औषध व शस्त्रक्रिया दोन्ही आहेत. 'वय झालं, चालायचंच' हे वाक्य यांपैकी प्रत्येक दार लावून घेते. या वाक्यात कर्ता नाही, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्याच्या सहज लक्षात येईल. जबाबदारी कोणाचीच नसावी, असाच त्याचा घाट आहे.

दुकानात जाण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या माणसास पाच प्रश्न विचारावेत : केव्हा होते? आधी कळते का? किती होते? स्वतः उठून जाववते का? दिवसा अधिक की रात्री? हे प्रश्न एकांतात आणि त्यांच्याच बोलीतल्या क्रियापदांनी विचारावेत. आईच्या पुढच्या वेळी आम्ही हे केले. तिला पातळ पॅडचा लहान पुडा आणून दिला, तेव्हा तो उलटसुलट पाहून ती म्हणाली, "एवढंच होतं, तर आधी विचारायचं होतंस." त्या महिन्यातच ती पुन्हा भजनाला जाऊ लागली.